साक्ष देण्याआधी एकदा तपासू द्या

आदरणीय पाळक, मंडळीचे वडील आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थनासभा घेणारे सर्व सेवक यांस,

ख्रिस्तात सलाम.

मी पेशाने डॉक्टर आहे आणि उपासनेला तुमच्यासमोर बाकावर बसणाऱ्यांपैकी एक आहे. प्रार्थनेने काही होत नाही, असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून केलेल्या प्रार्थनेचं मोल मला ठाऊक आहे आणि देव बरं करतो हे मी मानते. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. एखादा माणूस बरा झाला असं आपण जाहीर करतो, सर्वांसमोर त्याची तशी साक्ष घेतो, तेव्हा तो खरंच बरा झाला आहे का, हे बघायला आपण का कचरतो?

सभेत व्यासपीठावरून हाक दिली जाते, आजच, आत्ताच मुक्त व्हा. मागोमाग प्रश्न येतो, भरवसा गोळ्यांवर आहे की प्रभूवर? औषधं फेकून द्या असं उघड सांगणारे सेवक थोडेच असतील. पण गाणी, अश्रू आणि टाळ्यांनी भारलेल्या माणसाला उघड सांगावंच लागत नाही. तो घरी जातो आणि आपला विश्वास सिद्ध करायला गोळ्यांचा डबा स्वतःच बाजूला ठेवतो. त्यानंतर जे होतं ते व्यासपीठावरून दिसत नाही. ते दवाखान्यात दिसतं.

टाइप 1 मधुमेहाचं घ्या. यात शरीर इन्शुलिन बनवणं जवळजवळ थांबवतं. जानेवारी 1922 मध्ये टोरंटोत लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचलं गेलं. त्याआधी हा आजार झालेली मुलं अर्धपोटी आहारावर काही महिने, फार तर काही वर्षं तग धरत. थॉम्पसन पुढे आणखी 13 वर्षं जगला. आज त्याच आजाराचं मूल इन्शुलिनच्या आधाराने शाळा, संसार, म्हातारपण सगळं पाहू शकतं. मात्र इंजेक्शन बंद केलं, तर काही दिवसांत, कधी एक-दोन दिवसांतच, रक्तात आम्ल साठतं, उलट्या सुरू होतात, धाप लागते, शुद्ध हरपते. फिटच्या गोळ्या एकाएकी थांबवल्या तर झटक्यामागून झटके येऊन जिवावर बेतू शकतं. रक्तदाबाची तऱ्हा सगळ्यात फसवी. गोळी सोडली तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून 'बघा, बरा झालो' असं वाटतं आणि आत रक्तवाहिन्यांवरचा मार चालूच राहतो. अशा माणसाची साक्ष प्रामाणिक असते. तो खोटं बोलत नाही, त्याला खरंच बरं वाटत असतं.

तुम्हाला दोष देण्याआधी आमच्या घरचं सांगते, कारण झटपट उपाय खपवण्यात आमचा पेशा मुळीच मागे नाही. सर्दी विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविकं चालतात जिवाणूंवर. तरी सर्दीला प्रतिजैविक लिहून दिलं जातं. रुग्णाला हातात काहीतरी हवं असतं, डॉक्टरला वेळ नसतो आणि सर्दी तशीही आठवडाभरात जाणारच असते. श्रेय गोळीला मिळतं. गजकर्णावर स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की खाज दोन दिवसांत थांबते. बुरशी मात्र त्याच मलमाच्या आडोशाने पसरत राहते, चट्ट्याची ओळखीची कड पुसट होते आणि पुढच्या डॉक्टरला निदान करणंही अवघड जातं. चोंदलेलं नाक मोकळं करणारे थेंब आठवड्याहून जास्त टाकत राहिलं, तर नाक त्या थेंबांमुळेच चोंदू लागतं. डोकेदुखीच्या साध्या गोळ्या महिन्यातले 15 किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर गोळीच डोकेदुखीचं कारण होऊन बसते. ती गोळी बंद करा म्हटलं की पहिले काही दिवस त्रास उलट वाढतो. रुग्ण म्हणतो, डॉक्टर, तुमच्या उपायाने मी आजारी पडलो! त्याची समजूत घालण्यात जो वेळ जातो तो कोणत्याही बिलात धरलेला नसतो, म्हणून बरेच जण ती घालतच नाहीत.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की लवकर लागू पडणारं ते सगळं खोटं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात असेल तर तासाभराची शस्त्रक्रिया हाच खरा इलाज. जीवघेणी ॲलर्जी उठलेल्या माणसाला ॲड्रेनालिनचं इंजेक्शन काही मिनिटांत परत आणतं. शुभवर्तमानांतही बहुतेक आजारी ताबडतोब बरे झालेले दिसतात. आणि नुसता आराम देणं हेही काही कमीपणाचं काम नाही. शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन देऊन वेदना कमी करणारा डॉक्टर कोणाला फसवत नाही, कारण तो त्याला बरं करतोय असं म्हणतच नाही. तेव्हा वेग ही कसोटी धरता येत नाही. माझ्या मते कसोटी एकच: उपाय करणारा नंतर पुन्हा बघायला येतो का? आणि दिसेल ते ऐकून घ्यायची त्याची तयारी आहे का?

क्षयरोगाच्या इतिहासातली एक गोष्ट मला यासाठी फार महत्त्वाची वाटते. 1940 च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. तोवर क्षयाला भिडणारं औषधच नव्हतं. विश्रांती, मोकळी हवा आणि वाट बघणं. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने या औषधाची रीतसर चाचणी घेतली आणि 1948 मध्ये निष्कर्ष छापले. 55 रुग्णांना विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिन दिलं, 52 जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले 4 मरण पावले, दुसऱ्यातले 14. एक्स-रेमध्ये फुप्फुसं सुधारलेली दिसत होती. त्या घडीला कोणी सभा भरवली असती तर साक्षींना तोटा नव्हता, आणि त्या साक्षी खऱ्याच असत्या.

पण ते लोक तिथे थांबले नाहीत. पुढे पाहत राहिल्यावर दिसलं की कित्येक रुग्णांच्या शरीरातले जंतू औषधाला दाद देईनासे झाले आहेत. पाच वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा दोन्ही गटांतले निम्म्याहून अधिक रुग्ण दगावलेले होते. एकट्या औषधाने मिळालेली आघाडी बरीचशी विरून गेली होती. म्हणून दुसरं औषध जोडलं, मग तिसरं, आणि त्यातून आजचा उपचार घडला: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने त्यातली कमी, आणि मध्ये खंड पडू द्यायचा नाही. रुग्णाला दोन-तीन आठवड्यांतच बरं वाटू लागतं. खोकला कमी होतो, भूक लागते, ताप जातो. नेमक्या याच वेळी गोळ्या सुटतात आणि पुढे औषधांना न जुमानणारा क्षय परततो. या सगळ्यात मला औषधापेक्षाही त्या माणसांचं कौतुक वाटतं, जी आपलं यश पाच वर्षांनी पुन्हा मोजायला गेली.

आपल्या शास्त्रात असा स्वभाव नाही असं कोणी म्हणू नये. बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या 13 व्या आणि 14 व्या अध्यायांत कुष्ठ म्हटलेल्या विकारांसाठी काय सांगितलंय? याजकाने पाहावं, सात दिवस वेगळं ठेवावं, पुन्हा पाहावं, शंका असेल तर आणखी सात दिवस. बरा झालेल्यालाही याजकाने जाऊन तपासायचं, मगच तो छावणीत परत. येशूने कुष्ठरोग्याला शुद्ध केलं तेव्हा तपासणीतून सूट दिली नाही. जाऊन स्वतःला याजकाला दाखव, असं त्याला सांगितलं. लूकच्या 17 व्या अध्यायातल्या दहा जणांनाही तेच. ज्याच्या सामर्थ्याबद्दल आपल्याला तिळमात्र शंका नाही, त्याने आपलं काम दुसऱ्याच्या डोळ्यांखालून घातलं. मग आपण एक रक्ततपासणी मागितली तर ती अविश्वासाची खूण कशी ठरते?

त्याहून मोठा प्रसंग मार्कच्या शुभवर्तमानाच्या 8 व्या अध्यायात आहे आणि त्यावर प्रवचन मी क्वचितच ऐकलंय. बेथसैदातल्या आंधळ्यावर येशू हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसतं का? तो माणूस सांगतो की माणसं दिसताहेत, पण चालत्या झाडांसारखी. येशू पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो आणि मग त्याला सगळं स्वच्छ दिसतं. देवाच्या पुत्राला दोनदा हात का ठेवावे लागले यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. मला त्या आंधळ्याचा निर्भयपणा मोठा वाटतो. समोर कोण उभं आहे, आजूबाजूचे काय म्हणतील, आपला विश्वास कमी दिसेल का, यातलं काही मनात न आणता त्याने अर्धवट दिसतंय ते अर्धवटच सांगितलं. आणि त्याला तसं सांगता आलं, कारण प्रश्न मनापासून विचारलेला होता. हाच माणूस आपल्या सभेत असता तर? 'काही दिसतं का?' या प्रश्नानंतर माइक त्याच्या तोंडाशी धरला असता, 'दिसतं' एवढं ऐकताच हालेलुयाचा गजर झाला असता आणि झाडांबद्दलचं वाक्य त्याच्या घशातच राहिलं असतं. तो जन्मभर झाडंच बघत राहिला असता, वर साक्षही देत फिरला असता.

फ्रान्समधल्या लूर्द या कॅथलिक तीर्थस्थानाचं उदाहरण आपल्यातल्या अनेकांना परकं वाटेल, पण त्यातून शिकण्यासारखं आहे. 1858 पासून तिथे आजाऱ्यांची रीघ लागलेली आहे. 1883 मध्ये तिथे वैद्यकीय कचेरी सुरू झाली. बरं झाल्याचा दावा आला की डॉक्टर तो तपासतात, आणि विश्वास न ठेवणाऱ्या डॉक्टरलाही कागद पाहण्याची मुभा असते. आधी निदान पक्कं होतं का, चाललेल्या उपचारानेच गुण आला असेल का, बरेपणा टिकतो का, हे सारं बघायला वर्षानुवर्षं थांबतात. आजवर 7000 हून अधिक दावे नोंदले गेले, त्यांतले चमत्कार म्हणून चर्चने मान्य केलेले 70 च्या आसपास आहेत. म्हणून लूर्दला जाणारे कमी झाले का? मुळीच नाही. उरलेले दावे खोटे ठरवून कोणाला हाकलूनही दिलेलं नाही. एवढी कडक चाळणी लावूनही श्रद्धा शाबूत राहते, मग आपल्या मंडळीत एका एक्स-रेने ती का डळमळावी?

आता जो बरा होत नाही त्याच्याबद्दल. सभा संपते, मंडप रिकामा होतो आणि तो माणूस आजार आहे तसाच घेऊन, वर एक नवा आरोप घेऊन घरी जातो: तुझा विश्वास कमी पडला. कुठेतरी लपलेलं पाप असेल. याला मी उपाय म्हणणारच नाही. फसलेल्या उपायाचा दोष रुग्णाच्या माथी मारणं हे आमच्याकडे झालं तर आम्ही त्याला हलगर्जीपणा म्हणतो. जन्मांधाला पाहून शिष्यांनी नेमकं हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही पर्याय नाकारले. प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे सतत सलणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही. त्रफिम या सोबत्याला त्याने मिलेत गावी आजारीच मागे ठेवलं. तीमथ्य या तरुण सहकाऱ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. तुझा विश्वास तोकडा आहे, असं लिहिलं नाही. लूकला तर तो प्रिय वैद्य म्हणतो. आसा राजाने देवाऐवजी वैद्यांचा धावा केला, हे वचन औषधाविरुद्ध फार वापरलं जातं. ते वाचणाऱ्यांनी हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला खुद्द यशया संदेष्ट्याने सांगितलं, तेही त्याच श्वासात वाचावं. प्रार्थना ऐकली गेली, आयुष्य वाढल्याचं वचन मिळालं, तरी लेप लावायचा होताच.

पैशांबद्दल एवढंच: नामान सेनापती कुष्ठातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याने त्याने देऊ केलेली भेटवस्तू स्वीकारली नाही, अलीशाचा चाकर गेहजी याने मागे धावत जाऊन ती घेतली. पुढे ते कुष्ठ गेहजीलाच जडलं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंय.

शरीराइतकाच हा प्रकार मनाच्या बाबतीत चालतो आणि तिथे एक्स-रेही निघत नाही. दारूचं पाहा. 'एका रात्रीत दारू सुटली' ही आपल्याकडची लाडकी साक्ष. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली, तर दोन-तीन दिवसांत त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊन तो भलतंसलतं बरळू लागतो आणि उपचार न मिळाल्यास दगावूही शकतो. घरच्यांना वाटतं सैतान परत आला, आणि त्या घडीला हवा असतो दवाखाना. ते दिवस सुखरूप गेले तरी पुढे महिनोन् महिने कोणीतरी सोबत लागतं. पुन्हा प्यायला तर लाज न वाटता ज्याच्याकडे जाता येईल असं कोणीतरी. याकोब आपल्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतो. ते एका संध्याकाळी, माइकसमोर, अनोळखी गर्दीत उरकण्याचं काम नव्हे.

नैराश्याला 'आनंद करा' हे वचन देऊन पाठवणी करणं त्यातलंच. नैराश्याच्या औषधांनाही गुण यायला काही आठवडे लागतात, मग एका वचनाने दुपारपर्यंत चेहरा उजळावा ही अपेक्षा कशासाठी? आणि सगळ्यात जड प्रकार म्हणजे घाईची क्षमा. नवऱ्याचा मार खाणारी बाई पाळकांकडे येते, पाळक दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात, प्रार्थना होते, फोटोही निघतो. मारणाऱ्याने काय बदललं, हे पुढच्या महिन्यात कोण विचारतं? क्षमेचा उपदेश तिला आणि पश्चात्तापाचा हिशेब कोणालाच नाही, अशी ही तडजोड असते.

डॉ. पॉल ब्रँड हे मिशनरी शल्यविशारद वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करत होते. या रोगात बोटं आपोआप झडतात असा समज होता. त्यांनी बारकाईने पाहिलं तेव्हा कळलं की जंतू मज्जातंतू निकामी करतात, वेदना कळेनाशी होते आणि मग न जाणवलेले चटके, कापलेल्या जखमा, रुतलेले खिळे हातापायांची वाट लावतात. त्यांनी शस्त्रक्रिया करून वाकडे हात सरळ केले. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. रोज डोळ्यांनी हातपाय तपासायची सवय लावणं, पायाला सोसेल असं पायताण करणं, हाताला जमेल असं काम शिकवणं, हे पुढे चालूच राहिलं. वेदना न कळणं म्हणजे आरोग्य नव्हे, हे त्यांच्याइतकं क्वचितच कोणाला कळलं असेल. ज्या बाईचं रडणं आपण एका प्रार्थनेत थांबवलं, तिच्या बाबतीत आपण नेमकं काय केलं, हा प्रश्न मला इथे पडतो. यिर्मया संदेष्ट्याने त्याच्या काळच्या संदेष्ट्यांना आणि याजकांना हेच ऐकवलं होतं: लोकांची जखम तुम्ही वरवर बांधता आणि शांती नसताना शांती आहे म्हणता.

माझं मागणं फार मोठं नाही. कोणत्याही आजाऱ्यासाठी प्रार्थना केल्यावर, त्याच व्यासपीठावरून, त्याच आवाजात सांगा की चालू औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणी थांबवू नये. हे वाक्य कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत नको, तुमच्या तोंडून हवं. लोक आमच्यापेक्षा तुमचं जास्त ऐकतात. बरं झाल्याची साक्ष त्याच रात्री घेऊ नका. मधुमेहाचा माणूस असेल तर तीन महिने थांबा, कारण HbA1c नावाची रक्ततपासणी सुमारे तेवढ्या काळाची सरासरी साखर सांगते. कर्करोगाचा असेल तर वर्षं थांबावं लागेल. देवाचं काम असेल तर ते तोवर शिळं होणार नाही. आणि सभेत पुढे आलेल्या प्रत्येकाचं नाव लिहून घेता, तसंच महिनाभराने त्याच्या घरी कोण जाणार आहे तेही त्याच वहीत लिहा. येशूच्या दाखल्यात वाटेत जखमी पडलेल्या माणसाला शोमरोन्याने तेल आणि द्राक्षारस लावून पट्ट्या बांधल्या, उतारशाळेत नेलं, दोन दिनार दिले आणि परत येईन तेव्हा उरलेलं देईन असं सांगून गेला. त्याने परतीची भेट आधीच ठरवून टाकली होती.

बहुतेक मंडळ्यांत एखादा डॉक्टर, एखादी नर्स, औषधांचा जाणकार असतोच. आम्हाला सभेच्या दारावर गर्दी आवरायला उभं करता, त्याऐवजी साक्ष द्यायला आलेल्यांचे कागद आमच्याकडे द्या. आजार खरोखर गेलेला दिसला तर तसं आम्ही सही करून लिहून देऊ, आणि त्या रात्री गाण्यात आमचाही आवाज ऐकू येईल. आजार तसाच दिसला, तर त्या माणसाकडे आपण दोघंही जाऊ. प्रार्थना तुम्ही करा, चिठ्ठी मी लिहिते, आणि त्याच्या पुढच्या भेटीची तारीख तिथेच ठरवू.

आपली,
मंडळीतली एक डॉक्टर